पाणी सोडल्यावर

उजनीतून पाणी सोडल्याचं पेपरात आलं
त्याच्या नवव्या दिवशी, पहाटे चारला,
गुरप्पाची लुना आमच्या बोळाच्या तोंडाशी फटफटली.
मी तयार होतो. रात्रीपासूनच तयार होतो खरं तर.
पिशवीत दोन कडक भाकरी, शेंगांची चटणी,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला पेंडीचा गोळा,
आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा विकत घेतलेला गळ,
तोही भाव न करता.

सत्तावीस वर्षं मी टॉवेलच्या कारखान्यात
तुटलेले धागे सांधतो.
डोळ्यांनी नाही, बोटांनी.
गुरप्पा म्हणाला होता, मग तुला सोपं जाईल बे,
दोरच असतो.
फक्त दुसऱ्या टोकाला कुणीतरी असतं.

विजापूर रस्त्याला कडुनिंबाचा मोहोर
अंधारात आधी नाकाला कळत होता.
टाकळीच्या पुलाखाली उतरलो
तेव्हा नदी दिसली नाही, ऐकू आली.

उजाडल्यावर पाहिलं:
जिथं परवापर्यंत डबकी आणि टरबुजाच्या वाफ्यांचे वळ होते
तिथून काडीकचरा ढकलत, फेस धरत
भीमा चालली होती, पाहुण्याकडं उशिरा पोचल्यासारखी.
नव्या पाण्याचा वास लागला, गुरप्पा म्हणाला,
की मासा उलटा चढतो.
का चढतो ते मला विचारू नको.
साठ वर्षं बघतोय, त्यानं सांगितलेलं नाही.
पलीकडचा काठ कर्नाटकाचा.
तिकडचा मासा कन्नड बोलतो का, मी विचारलं.
गुरप्पा गंभीरपणे म्हणाला, इकडचाही.

पहिली फेक बाभळीत.
दुसरी माझ्याच बाहीत.
त्याची नात भौरम्मा, वय दहा,
कळकाची काठी घेऊन शेजारच्या दगडावर बसली होती.
ती हसली नाही, हे जास्त लागलं.
बाभळीनं दोर तोडला होता,
तो मी मागावरच्या गाठीनं सांधला.
गुरप्पानं ओढून पाहिला, दातांत धरून पाहिला.
ही कुठली गाठ?
आमची.
असू दे.

मग नुसतं बसणं.
मागांचा आवाज घरी आल्यावरही कानात चालू असतो,
जेवताना, झोपेत, लग्नकार्यात.
साडेनऊच्या सुमारास लक्षात आलं, तो बंद आहे.
लक्षात आल्याबरोबर पुन्हा सुरू झाला.

आणि दोर जड झाला.
फांदी अडकली असेल म्हणेपर्यंत
फांदी प्रवाहाच्या उलट्या अंगानं निघाली.
काय करलालास बे, गुरप्पा ओरडला,
ओढू नको, दे त्याला, दे!
देणं मला येत नव्हतं.
आमच्याकडं ताण सैल पडला की कापडात दोष उतरतो
आणि पगारातून कापला जातो.
मी धरून ठेवलं.
एकदाच पाठ वर आली, काळी, ओली, माझ्या मनगटाएवढी.
वाम असेल. शिंगटा असेल.
गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरलो होतो
हे मला नंतर चपलेनं सांगितलं, एकाच.

दोर हलका होऊन परत आला.
गाठ तशीच होती.
गळ सरळ झाला होता, खिळ्यासारखा.
गुरप्पानं तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला.
गाठ चांगली आहे, म्हणाला.

दुपारी भौरम्मानं तिच्या अकरा चिलापींतल्या दोन
माझ्या पिशवीत टाकल्या, न विचारता,
भाकरीच्या फडक्यात.

रात्री नागमणीनं त्या तळल्या.
तू धरलेल्या?
एका मुलीनं.
मग दिवसभर तू काय केलंस?
मी खिशातून गळ काढून ताटाशेजारी ठेवला.
तिनं उचलला, बोटावर टोक लावून पाहिलं,
आणि गॅसच्या बर्नरची भोकं साफ करायला
खिडकीत ठेवून दिला.

पुढचं पाणी मेमध्ये सोडणार आहेत म्हणे.
मी पाळी बदलून मागितली आहे.